गुरुवारचा पैरा

सांगली,
गुरुवार, 20 नोव्हेंबर 2025

प्रिय वैशे,

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं. उत्तराला महिना लागला त्याबद्दल माफी मागत बसत नाही, नाहीतर त्यातच आणखी एक महिना जायचा. तू फोनवर दरवेळी म्हणतेस, "बोल की गं मोकळेपणी." अगं, कशी बोलू? फोन घेते तेव्हा सासूबाई शेजारीच असतात. मी कोण ते त्यांना कळत नाही, पण त्यांच्याविषयी काही बोललं की बरोबर कळतं. लगेच मान वळते. म्हणून हे पत्र. सव्वाचार वाजलेत आणि मी हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर मांडीवर वही घेऊन बसले आहे. शेजारी भडंगाचा पुडा. सहापर्यंत मला कोणी हाक मारणार नाही. हे कसं जमलं ते पुढे सांगते.

पहिल्याच ओळीत तू विचारलंयस, आई कशा आहेत. सगळेच तिथून सुरुवात करतात, तेव्हा आधी ते उरकते. 86 पूर्ण झाली. 2023 मध्ये खुबा मोडला, ऑपरेशन झालं, वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या आणि मग मनात आल्यासारखं चालणं सोडूनच दिलं. आता पलंग, त्यावर हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला अजून जखम होऊ दिलेली नाही. माझ्या बीए-बीएडच्या पुढे हेही लिहायला हरकत नाही. भूक उत्तम. मेतकूट-भातावर तूप कमी पडलं तर आवाज अजून पहिल्यासारखा चढतो.

विसराचं म्हणशील तर तो पुरात सुरू झाला असं घरात सगळे म्हणतात. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि आमच्या गावभागात खालचा मजला पाण्यात, वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, असे दीड दिवस होडीची वाट बघत होतो. आईंनी एक कापडी पिशवी भरली होती आणि ती मांडीवर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या. पुढे पंधरा दिवस विश्रामबागेत वन्संकडे काढले. परत आलो तर आई म्हणाल्या, हे घर आपलं नाही. आम्हाला वाटलं, भिंतींचे पोपडे उडालेत, चिखलाचा वास जात नाही, कुणालाही परकं वाटेल. डॉक्टर म्हणाले, आजार आतून आधीच चालू असणार, पुरानं तो उघडा पाडला. ती पिशवी अजून त्यांच्या उशाशी असते. आत एक कंगवा, तुळशीची माळ, सेफ्टी पिनांचा झुबका, स्टीलचा पेला आणि त्या वर्षीचं विजेचं बिल. रात्री तीनला, साडेतीनला विचारतात, "होडी आली का?"

हे उठले तर सांगतात, "आई, पूर ओसरून सहा वर्षं झाली." की आई जे बिथरतात, ते निस्तरायला मला तास लागतो. वन्सं असल्या तर "असं काय करतेस गं आई" म्हणून स्वतःच रडायला लागतात. मी पहिलं वर्षभर समजावून बघितलं. मग खोटं बोलायला शिकले. "पुढच्या खेपेला आपला नंबर, आई." मग त्या पिशवी जवळ ओढतात आणि झोपतात. मला मात्र त्यानंतर झोप येत नाही.

आता माझी गोष्ट. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यानं मला राग आला होता, म्हणूनही उत्तराला उशीर झाला. तू लिहिलंयस, "तू म्हणजे खरंच सोनं आहेस, दुसरी कुणी असती तर पळून गेली असती." अगं, हे वाक्य मला आठवड्यातून चारदा ऐकायला मिळतं. भाऊजी पुण्याहून फोन करतात, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत." वन्सं रविवारी चिकू घेऊन येतात, तासभर बसतात, "आईचे केस विंचरले नाहीत का गं आज?" असं विचारतात आणि जाताना पुन्हा तेच, तू आहेस म्हणून निश्चिंत. त्या निश्चिंत शब्दाचा मला इतका वीट आलाय! त्यांची चिंता गेली कुठे? हवेत विरली का? ती माझ्याकडे आली. आणि एकदा सोनं म्हटल्यावर माणसाला कुरकुर करायची सोय राहत नाही. सोनं कुरकुरतं का कधी?

याचा कळस नवरात्रात झाला. आमच्या भागातल्या एका मंडळानं मला 'आदर्श सून' पुरस्कार जाहीर केला. साडी, नारळ, फ्रेम केलेलं मानपत्र. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा, म्हणजे आईंच्या बेचैनीची नेमकी वेळ, सूर्य कलला की त्या घरी जायचं म्हणून उठायला बघतात. बसायला कुणी मिळेना. वन्संना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अय्या, मी तर तुझा सत्कार बघायला येणार होते!" शेवटी हे गेले. माझा आदर्श सून पुरस्कार माझ्या नवऱ्यानं स्टेजवर जाऊन घेतला, गं! साडी नेसवली नाही एवढंच. येताना पेढे आणले आणि सांगितलं, सगळे तुझं फार कौतुक करत होते. मी तेव्हा डायपर बदलत होते.

आणि तुझ्या पत्रात नेमकं तेच. तुमच्या तिकडे जपानातसुद्धा नगरपालिका पूर्वी आदर्श सुनांचे सत्कार करायच्या हे वाचून मी एकटीच हसले. त्या हिगुची केइको बाईंचं तू लिहिलंस ते मी आमच्या गुरुवारच्या बायकांना वाचून दाखवलं. (या बायका कोण, तेही पुढे सांगते.) 1983 मध्ये त्यांनी बायकांची संघटना काढली आणि म्हाताऱ्यांची सेवा हे सुनेचं पुण्यकर्म म्हणून सोडून देऊ नका, सगळ्या समाजानं उचला म्हणून भांडत राहिल्या. म्हाताऱ्यांच्या सेवेची विमा योजना ठरत होती तेव्हा घरी सेवा करणाऱ्यांना रोख पैसे द्यावेत असाही मुद्दा होता, जर्मनीनं 1995 पासून तसे दिलेही. या बाई म्हणाल्या नको. हातावर चार पैसे ठेवले की सून पलंगाला कायमची बांधली, वर सगळे म्हणणार, आता तर तिला पैसेही मिळतात. त्यापेक्षा माणूस पाठवा, म्हातारीला दिवसभर सांभाळणारी जागा द्या. आणि 2000 साली योजना आली ती रोख रकमेशिवाय. आमच्यातल्या बँकवालीला हे पटलं नाही. ती म्हणाली, पैसे दिले असते तर काय बिघडलं असतं, माझी पीएफ तरी मोडावी लागली नसती. तासभर वाद चालला. मी स्वतः हिगुचीबाईंच्या बाजूची आहे, पण बँकवालीच्या आईचं औषधांचं बिल मी पाहिलंय, त्यामुळे फार जोर लावला नाही.

तुझ्या इमारतीखाली सकाळी ती पांढरी गाडी येते आणि मागची फळी खाली येऊन त्यावरून खुर्चीसकट आजीबाई गाडीत जातात, संध्याकाळी आंघोळ होऊन परत येतात, हे तू जितकं सहज लिहिलंस तितकं सहज मला वाचता आलं नाही. त्या विम्याचा हप्ता चाळिशी उलटलेल्या सगळ्यांकडून घेतात, म्हणजे तुमच्याही घरातून जात असणार. मला त्या गाडीतल्या आजीबाईंचा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो त्यांना दारापर्यंत सोडून, हात हलवून घरात परत जाणाऱ्या बाईचा. तिच्यापुढे सकाळचे दहा ते दुपारचे चार पडलेले असतात. ती काय करत असेल?

आणि तू लिहिलेली, तिथल्या आरियोशीबाईंच्या 1972 सालच्या कादंबरीतल्या सासऱ्याची गोष्ट. जन्मभर सुनेला छळलं, आणि म्हातारपणी पोटचा मुलगा विसरला, सून तेवढी ओळखू येते. माझ्याकडे उलटं आहे. मुलगा अजून ओळखू येतो, "आला का माझा बाळ" म्हणतात, दारातूनच. आणि मला "अहो ताई" म्हणतात. माझ्यापाशी माझ्याच तक्रारी करतात. "सून फार कजाग आहे हो आमची. मास्तरीण ना!" मी विचारते, जेवायला घालते का? तर विचार करून म्हणतात, "घालते. पण तोंड पाडून." आता ह्याला खोटं तरी कसं म्हणू? मागच्या महिन्यात मी पाय चोळत होते तर हात धरून म्हणाल्या, "ताई, उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील, जा तुम्ही." मी म्हटलं जाते, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. पंधरा मिनिटांनी परत गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी नवीन बाई होते.

'अस्तु' तू बघितलायस ना, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा? मोहन आगाशे हत्तीच्या मागे जातात आणि त्या माहुताची बायको चन्नम्मा, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना लेकरासारखं सांभाळते. तेव्हा आपण दोघी रडलो होतो. आता बघितला तर मला राग आला तो त्यांच्या लेकीची कुणी एवढी बाजू घेत नाही म्हणून. चन्नम्माला तो माणूस एका दिवसापुरता मिळाला होता. मागचा हिशेब नाही, पुढची काळजी नाही. मला 33 वर्षांच्या हिशेबासकट कूस बदलावी लागते. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला माझ्या आईला सगळ्यांसमोर जे बोलल्या होत्या ते त्या विसरल्या. मी कुठे विसरले?

ह्यांचं मी वाईट लिहीत नाही. औषधं आणतात, बँक बघतात, फिजिओच्या मुलाला फोन करतात. पण डायपरचं काम आलं की "आईचं तसलं मी कसं करू?" मुलाला लाज वाटते आणि सुनेला वाटू नये, असा हा नियम. देशभराची वेळ-वापर पाहणी आली होती ना, 2024 ची, तिचे आकडे मी त्यांना पेपरातून वाचून दाखवले. 15 ते 59 वयाच्या शंभरातल्या 41 बायका घरच्या माणसांची देखभाल करतात, पुरुष 21. करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 140 मिनिटं जातात, पुरुषांची 74. त्यात लेकरंही आली, म्हातारेही. हे म्हणाले, "74 म्हणजे काही कमी नाही हं." मी पेपर घडी करून ठेवला.

नोकरी मी मागच्या वर्षी सोडली ते तुला माहीत आहे. राज्य सरकारात बालसंगोपन रजा मिळते, 180 दिवसांची, पण मुलं अठराच्या आतली हवीत. सासूसंगोपन रजा हा शब्द अजून कुणाला सुचलेला नाही. कायद्याचंही तसंच. धाकटे भाऊजी वकील, त्यांनीच सांगितलं. ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा आहे, त्यात मुलांनी आईवडिलांना पोसलं नाही तर न्यायाधिकरण महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह द्यायला लावू शकतं. त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात असं सगळं लिहिलंय. सून नाही. 2019 मध्ये सून-जावई त्यात घालायचं विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. भाऊजी गमतीनं म्हणाले, "वहिनी, कायद्यानं तुम्ही कुणीच नाही." त्यांना वाटलं मी हसेन. आणि तिकडे बघ, त्याच 2019 च्या जुलैपासून तुमच्याकडे जपानात सासऱ्याची फुकट सेवा केलेली सून वारसांकडून पैसे मागू शकते. इकडे सुनेचं नाव घालायचं सुचलं ते जबाबदारी लावायला, तिकडे सुचलं ते देणं द्यायला.

मधे ब्युरोतून बाई ठेवली होती, बारा तासांची. चांगली होती, हात हलका. माझी निम्मी पेन्शन तिला जायची, तेही चाललं असतं. पण एकदा ती सारखी फोन बघायला लागली म्हणून विचारलं. तिचीही सासू घरी अंथरुणावर. कवठेमहांकाळकडच्या गावात. तिला कोण बघतं? तिची अकरावीतली मुलगी. शाळा? जाते अधूनमधून. म्हणजे माझी कूस बदलायची पाळी मी तिला दिली आणि तिनं ती पोरीला दिली. सहा महिन्यांनी ती गेली. दुसरी अजून ठेवली नाही. का, ते मला धड सांगता येत नाही.

पुण्याकडे पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट आहेत, तिथे सेवा करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात आणि आजारी माणसाला 'शुभार्थी'. शब्द गोड आहेत, काम तर फारच चांगलं आहे. पण पहाटे साडेतीनला चादर बदलताना मला काही शुभंकर वाटत नाही, बाई. तेव्हा मी नुसती झोपमोड झालेली बाई असते.

जूनमध्ये विळीवर बोट कापलं. साधीच जखम, पण भरेना. तीन आठवडे पट्टी. माझी भाची मिरजेला डॉक्टरकी शिकते, ती म्हणाली, मावशी, साखर तपास. साखर ठीक निघाली. मग तिनंच एक जुना प्रयोग सांगितला. 1995 साली अमेरिकेत, ओहायोत, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी सेवा करणाऱ्या 13 बायका घेतल्या आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या बायकांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. भाचीनं सहज सांगितलं आणि फोन बघायला लागली. मी त्या पट्टीकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सगळं मनाचं आहे, म्हणजे माझ्या मनाचे चोचले.

तिनंच मला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक प्रश्नपत्रिका दिली. झॅरिट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तयार केलेली, 22 प्रश्न, 88 गुण, आणि कमी मिळाले तर बरं असा आयुष्यातला पहिलाच पेपर. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, आपण आणखी करायला हवं असं वाटतं का. मी विचारलं, डॉक्टर, राग येतो आणि आणखी करायला हवं असंही वाटतं, दोन्हीवर खूण केली तर चालेल का? म्हणाले, बहुतेकजणी दोन्हीवर करतात. माझे 51 आले. "ओझं बरंच आहे," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं! कुणीतरी मार्क दिले.

आता जे लिहिणार आहे ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. ऑगस्टमधली रात्र. पाऊस. त्या रात्री तीनदा चादर बदलली. तिसऱ्या वेळी आई हात झाडायला लागल्या, मला ओरबाडलं, आणि मी त्यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं. किती वेळ ते आठवत नाही. त्या "आई गं" म्हणाल्या तेव्हा सोडलं. सकाळी मनगटावर चार निळ्या खुणा. चहा भरवताना त्यांनी हात पुढे करून मला दाखवल्या. "बघा हो ताई. सून मारते." मी त्यावर खोबरेल तेल चोळलं. रात्री अडीचला 14416 ला फोन केला, सरकारची मनाच्या त्रासाची फुकट हेल्पलाइन आहे ती. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, शांतपणे ऐकलं, वीस मिनिटं. तिनं शेवटी विचारलं, "तुमच्या ऐवजी दोन तास बसणारं कुणी आहे का?" मी म्हटलं, नाही. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न मला सहा वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात डायपरचा गठ्ठा घेत होते तर शेजारची बाई म्हणाली, "मीडियम की लार्ज?" मी म्हटलं मीडियम. ती म्हणाली, "या कंपनीचं घेऊ नका, कडेनं गळतं." दुकानाच्या पायरीवर आम्ही अर्धा तास उभ्या होतो. ती बँकवाली. लग्न केलं नाही, आईला सांभाळते, भाऊ बेंगळुरूत. तिच्या ओळखीची एक, सासऱ्यांना पार्किन्सन. आणखी एक, तिच्याकडे नवऱ्याची विधवा आत्या, 91 वर्षांची, ठणठणीत आणि महाखाष्ट. अशा आम्ही चौघी.

पैरा म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, तुमच्याही आजोळी शेती होतीच. आमच्या तासगावकडे पेरणीला आमचा एक बैल, शेजारचा एक बैल, मिळून जोडी. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. माणसांचंही तसंच. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. फेडायचं असायचं, आणि फेडायचं असायचं म्हणूनच मागायला लाज वाटत नसे. तर आम्ही पैरा सुरू केला. दर गुरुवारी चार ते सहा. दोघी बसतात, दोघी सुटतात, पुढच्या गुरुवारी उलट. दोनशे पानी वहीत तासांची नोंद. मी बँकवालीचे चार तास लागते, आत्याबाईवाली माझे दोन. नियम थोडे आहेत. येणारीसाठी घर आवरायचं नाही. उपाय सुचवायचे नाहीत, म्हणजे ब्राह्मी नाही, अमुक महाराज नाहीत, बदामाचं दूध नाही. आणि कौतुक करायचं नाही. सोनं म्हटलं की दहा रुपये दंड. हा नियम मी घातला.

पहिल्या गुरुवारी मला जायला जागाच सुचेना. गाडी काढली, कॉलेज कॉर्नरपर्यंत गेले, झाडाखाली लावली आणि गाडीवरच बसून राहिले, दोन तास. विलिंग्डन कॉलेजात असताना आपल्याला दोन तास कधी पुरले होते का? घरी गेले तेव्हा वाटलं, आई घाबरल्या असतील, अनोळखी बाई बघून. अगं, त्यांना मीही अनोळखीच! दोघी पत्ते पिसत होत्या. आईंनी मधेच विचारलं म्हणे, होडी आली का. तर बँकवाली म्हणाली, "अजून नाही. तुमचं टोकन बारावं आहे, आता सातवा नंबर चालू आहे. चहा घेणार?" आई म्हणाल्या, घेते. बँकेत चौतीस वर्षं काढल्याचा असा उपयोग.

एका गुरुवारी सगळ्यांनी माझ्याकडेच जमायचं ठरवलं, आई झोपल्या होत्या, आणि मी ती मनगटाची गोष्ट सांगितली. सांगताना नजर खाली. कुणीच "अगं बाई" म्हणालं नाही. थोड्या वेळानं पार्किन्सनवाली म्हणाली, "मी आमटीची वाटी भिंतीवर मारली होती. डाग अजून आहे, त्यावर कॅलेंडर लावलंय." बँकवाली म्हणाली, "मी आईला रात्रभर बोलले नाही. ती हाका मारत होती, मी जागी होते." आत्याबाईवाली काहीच बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली आणि आमच्याच स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत राहिली. तेव्हापासून आमच्यात ठरलंय, हात उठेल असं वाटलं की पलंगापासून बाजूला व्हायचं, दार ओढायचं आणि ग्रुपवर एक टिंब टाकायचं. नुसतं टिंब. जी जागी असेल ती फोन करते. पहाटे तीनला कुणीतरी जागी असतेच.

पुढच्या आठवड्यापासून मार्गशीर्षातले गुरुवार. दोघींकडे पूजा आहे, तर वार बदलायचा की लक्ष्मीला समजावून सांगायचं यावर सध्या ग्रुपवर खल चालू आहे.

पावणेसहा झाले. आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर इचलकरंजीला लग्नाला गेले होते, पैऱ्याच्या उधारीवर. तिथे तुझी वहिनी भेटली. अक्षता पडल्या, उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि निघाली, तुझ्या आईंजवळ शेजारचा मुलगा बसवला होता म्हणून. मांडवाच्या दाराशी पाच मिनिटं बोललो. ती तक्रार करणाऱ्यातली नाही. एवढंच म्हणाली, "ताई दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात ना, मग शनिवारी मी आईंचे केस धुते, चादर बदलते, नवा गाऊन घालते." आणि हसून, "इन्स्पेक्शनच की." मागच्या रविवारी तू म्हणालीस ना, आईचा चेहरा उतरलाय गं? ते तिला लागलंय.

रागावू नकोस. तू वन्संसारखी नाहीस, हे मला माहीत आहे. पण तिला तू वन्संच आहेस.

तू डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे येतेयस. त्यातले पंधरा दिवस रात्री आईजवळ तू झोप. वहिनीला तिच्या माहेरी निपाणीला पाठव, आणि ती असताना नको, ती गेल्यावर कर सगळं, म्हणजे तिला शिकवायला थांबावं लागणार नाही. चुकेल तुझं. चादर दोनदा बदलावी लागेल. मला टिंब टाक.

तुझी,
रेखी

ता. क. – येताना ते वॉटरप्रूफ अंडरपॅड आण, तू फोटो पाठवला होतास ते. चौघींसाठी. पैसे वहीत लिहीन.

दुसरं म्हणजे, उत्तर लिहायला घेतलं तेव्हा तुझं पत्र सापडेना. कपाट पालथं घातलं, रद्दी बघितली. शेवटी काल रात्री आईंच्या पिशवीत दिसलं, कंगव्याच्या आणि विजेच्या बिलाच्या मध्ये, होडीत न्यायच्या सामानात. वाचून परत तिथेच ठेवलंय.